सूज उतरली, पण रक्त पोहोचलं का?

डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबली की सूज येते, नजर धूसर होते. कांदिवलीतल्या एखाद्या रक्तदाबाच्या रुग्णाच्या ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) चित्रातल्या सुजेच्या काळ्या पोकळ्या डोळ्यातल्या इंजेक्शनांनंतर विरल्या की घरचे म्हणतात, "आता आणखी तपासणी कशाला?" पण ओसीटी पडद्याची जाडी दाखवते, रक्तप्रवाह नाही. तो 1961 पासूनच्या फ्लुरेसिन अँजिओग्राफीत हाताच्या शिरेत रंग टोचून दिसतो. ओसीटी अँजिओग्राफीत रंगाशिवाय, थरागणिक. इंजेक्शन गळती आवरतं, बुजलेल्या केशवाहिन्या मात्र सहसा उघडत नाहीत. रक्ताविना राहिलेला भाग मोठा असेल तर नव्या ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्यांतून रक्तस्राव किंवा काचबिंदूही ओढवतो. अँजिओग्राफीच्या खर्चाचा आक्षेप रास्तच. म्हणून ही तपासणी प्रत्येक भेटीला नको, डॉक्टर सांगतील त्या टप्प्यांवर करावी. नजर सुधारली म्हणजे रक्तपुरवठाही सुधारला, असं मात्र गृहीत धरू नये.