सर्व्हरची नोंदवही आणि वाचकांची गणना

संकेतस्थळास किती लोकांनी भेट दिली, हे सर्व्हरची नोंदवही सांगत नाही. किती मागण्या आल्या, एवढेच ती सांगते. वेरूळची दहा छायाचित्रे असलेले पान प्रथमच उघडले, की सामान्यतः अकरा ओळी तरी पडतात. वाचक मात्र एकच. उलट, वसतिगृहातील शंभर विद्यार्थी एकाच पत्त्याआडून वाचीत असल्यास, पत्ते मोजणाऱ्यास ते एकच भासतात. शोधयंत्रांच्या फेऱ्या आणखी निराळ्या! विकिपीडियाच्या आकडेवारीत २०१५ पासून अशा यांत्रिक भेटी वेगळ्या दाखविल्या जातात. स्वतःची ओळख न देणाऱ्या यंत्रांसाठी २०२० मध्ये तिसरा वर्ग योजावा लागला.

नावाचाही घोटाळा होतो. तेथे पुनर्निर्देशित शीर्षकाची मोजणी स्वतंत्र असते. म्हणून २०२३ मध्ये औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाल्यानंतरच्या काळाचा अभ्यास करताना दोन्ही नावांची बेरीज न घेता शहराविषयीची जिज्ञासा वाढली वा घटली असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

बहुधा दुर्लक्षित राहते ती ४०४ या संकेतांकाची यादी. यंत्रांच्या चाचपण्या वगळल्या, तर वाचकाने मागितलेले पण न मिळालेले तीत सापडते. विभागाने प्रश्नपत्रिकांचे पान हलविले असेल, तर जुन्या दुव्यावरून रिकाम्या हाताने परतणारे विद्यार्थी येथेच दिसतात.