छंद रणगाड्याचा, दुखणे हाताचे

वाचकहो, हातांची खाज घेऊन येणारे रुग्ण आपल्या भागात थोडे नाहीत. कुणाला फवारणीच्या औषधाची बाधा, कुणाला सिमेंटची. गेल्या हिवाळ्यात एक कॉलेजचा मुलगा आला. बोटांच्या टोकांना भेगा, मनगटावर लाल चट्टे, पापण्या सुजलेल्या. मी गजकर्ण समजून मलम दिले. आठ दिवसांत तो पुन्हा हजर, त्रास दुप्पट! तेव्हा विचारले, "अरे, या हातांनी करतोस तरी काय?" तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रणगाडा बनवतो."

त्याचे आजोबा फौजेत रणगाड्यावर होते. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय पाहून आल्यापासून नातवाला हा नाद लागला. प्रतिकृतीचे प्रमाण १:३५, म्हणजे सात मीटरचा गाडा वीस सेंटिमीटरचा. सुटे भाग कुरिअरने येतात, ते घासून जोडायचे. पुढे तो मित्राच्या यंत्रावर स्वतःच भाग छापू लागला.

हे भाग रेझीनचे असतात. पातळ रेझीनवर जांभळ्या-अतिनील प्रकाशाचा झोत पडला की एकेक पातळ थर घट्ट होतो. नंतर भाग स्पिरिटसारख्या द्रवात धुऊन पुन्हा त्या प्रकाशात पक्का करतात. पूर्ण पक्के झालेले रेझीन सहसा त्रास देत नाही. खोड आहे ती कच्च्या, चिकट रेझीनमध्ये. त्यातील ॲक्रिलेट नावाची द्रव्ये कातडीत शिरतात. पहिल्या काही वेळा काहीच होत नाही. मात्र शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखून ठेवते. मग पुढच्या स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ उठते. असे उशिरा होत असल्याने कारण ध्यानात येत नाही.

ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. दातांत भरण्याचे सिमेंट, कृत्रिम नखे, सांधे बदलताना वापरायचे हाडांचे सिमेंट यांतही याच कुळातील द्रव्ये असतात. आमच्या या मुलाला दंतवैद्य व्हायचे आहे. म्हणजे प्रश्न खाजेचा नव्हता, पोटापाण्याचा होता.

हा छंद असणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१) भाग चिकट लागला किंवा उग्र वास आला तर उघड्या हाताने धरू नये. नायट्रिलचे हातमोजे घालावेत व रेझीन लागताच बदलावेत. साध्या रबरी मोज्यांतून ही द्रव्ये लवकर आत जातात.

२) कातडीला रेझीन लागल्यास साबण-पाण्याने धुवावे. स्पिरिटने पुसू नये. त्याने ते पसरते व आत मुरते. धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नये.

३) भाग कोरडे घासू नयेत. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, तोंडाला एन-९५ मास्क लावावा. मास्कने धूळ अडते, वाफ अडत नाही. म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

४) झटपट चिकटणारा डिंक सांडल्यास कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नये. कापसाशी त्याची क्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होते. आपल्या कापूसवाल्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगतो. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबण-पाण्यात हळूहळू सोडवावीत.

५) डोळ्यात रेझीन गेल्यास पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे व तडक डॉक्टर गाठावा. मध, दूध, गुलाबपाणी काही घालू नये.

६) धुतलेले पाणी किंवा स्पिरिट मोरीत, विहिरीजवळ ओतू नये. उरलेले रेझीन उन्हात घट्ट करून मगच टाकावे.

त्या मुलाला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. पाठीवर औषधी पट्ट्या चिकटवून तपासणी झाली आणि ॲक्रिलेटवर शिक्कामोर्तब झाले. रेझीन सोडल्यावर हात महिनाभरात बरे झाले. आता तो साच्यातल्या प्लॅस्टिकचे रणगाडे जोडतो. दंतवैद्यकीचे काय, हा विचार मात्र त्याला तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा लागेल.

तेव्हा वाचकहो, हाताची खाज दाखवताना त्या हातांनी दिवसभर काय करता, तेही डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. पहिल्या खेपेस मीही विचारले नव्हते.