भोंगा वाजला की काठ गाठावा

बहरीनमध्ये नदी नाही. येथे वीज वायूवर होते आणि नळाला बहुतांशी समुद्राचे गोडे केलेले पाणी येते. त्यामुळे वीज आणि नदी यांचे नाते आपल्या मुलांच्या ध्यानी सहसा येत नाही. जुलै-ऑगस्टच्या सुटीत मात्र हीच मुले गावी जातात आणि नदी दिसली की धावत सुटतात. म्हणून या आठवड्यात हा विषय घेत आहोत.

येथील समुद्राची भरती-ओहोटी तिथीने चालते. ‘हद्रा’ लावून मासे धरणारा बहरीनी कोळी त्या हिशेबावरच पोट भरतो. वीजधरणाखालच्या नदीलाही भरती येते. पण तिला तिथी नसते. शहरात विजेची मागणी वाढली की जनित्रे फिरू लागतात आणि खाली पाणी चढते.

आपल्यापैकी चिपळूणकडच्या मंडळींना वाशिष्ठी ठाऊक आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते, पुढे कोळकेवाडी धरणात साठते, तेथे पुन्हा वीज देऊन अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळते. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. इतक्या विजेमागे पाणीही तेवढेच! म्हणूनच ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढग नसतानाही, ही नदी फुगू शकते.

हा धोका कल्पनेतला नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी वीजधरणातून सोडलेल्या पाण्याने बियास नदीत उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पात्र उथळ दिसत होते. मुले खडकांवर छायाचित्रे काढीत होती. सावध होण्याइतका वेळ त्यांना मिळालाच नाही.

ज्यांची मुले कॅनडात आहेत, त्यांनी हेच तेथेही कळवावे. तेथे हिवाळ्यात नद्या गोठतात व लोक बर्फावरून चालतात. पण वीजधरणाजवळ पाणी खालीवर झाल्याने बर्फ काठापासून सुटतो, कोठे आतून पोकळ होतो; वाहत्या पाण्यावर तो पातळच राहतो. वरून सारे सारखेच पांढरे दिसते.

तेव्हा गावी गेल्यावर एवढे पाळावे. वर धरण आहे काय, पाणी केव्हा सुटते, हे गावकऱ्यांना आधी विचारावे. नदीच्या मधल्या खडकावर किंवा बेटावर बसू नये. अवजलाच्या कालव्यात मुलांना पोहू देऊ नये. काठचे दगड वरपर्यंत ओले दिसले, तर पाणी नुकतेच तेथवर आले होते असे समजावे. पाणी गढूळ झाले, काडीकचरा वाहू लागला किंवा भोंगा वाजला, तर कपडे, चपला, डबा तेथेच टाकून उंच काठ गाठावा. भोंगा वाजेलच या भरवशावर मात्र राहू नये.

डबा बाजारात पुन्हा मिळतो.