बक्षीसपत्रावर अंगठा देण्याआधी

बचत गटाच्या बैठकीत आम्हाला वारंवार विचारलं जातं, "घर मुलाच्या नावावर करून दिलं, आता तो बघत नाही. परत मिळेल का?"

मिळू शकतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याचं कलम २३ सांगतं, की साठी ओलांडलेल्या माणसाने सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीचा मानून रद्द करता येतो.

पण अट हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच स्पष्ट केलं. नुसतं मायेपोटी दिलं, एवढं पुरत नाही. म्हणून अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी मुलगा बघेल, असं बक्षीसपत्रातच लिहून घ्या. अंगठा देण्याआधी ते विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा. वकील लावण्याची गरज नाही. जाणं जमत नसेल, तर दुसऱ्याला अधिकार देता येतो. मिळकत दिलेली नसली तरी दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. माहितीसाठी १४५६७ वर फोन करा.

"पोटच्या पोरावर अर्ज कसा करू?" असं आयाबाया म्हणतात. अर्ज म्हणजे वैर नव्हे. न्यायाधिकरण आधी समेटासाठीही पाठवू शकतं. पण उपाशी राहून घराची अब्रू झाकण्याचं काम आईचं एकटीचं नाही.