कृष्णेच्या पात्रातली झाडलोट

थंडीतल्या एका रविवारी आम्ही नऊजण तीन होड्यांतून सांगलीच्या कृष्णेत निघालो. नदी पाहायची आणि जमेल तेवढी झाडायचीही!

“पाण्यात हात घालू नका,” नावाडीमामांनी बजावले. पलीकडे वाळूवर मगर जबडा उघडून ऊन खात पडली होती. अंगातली उष्णता ती अशीच कमी करते म्हणे! शेजारीच खंड्याने सूर मारून मासा उचलला.

लांब काठीच्या आकडीने आम्ही पिशव्या ओढू लागलो. एकीत कुजून काळी पडलेली फुले नि दूर्वा निघाल्या. पिशवीवर आमच्याच गल्लीतल्या दुकानाचे नाव! गणेशोत्सवात पुलावरून मीही अशीच पिशवी सोडली होती. वर भक्तिभावाने हात जोडले होते.

यंदा निर्माल्य परसातल्या जास्वंदीच्या आळ्यात पुरले. हात तेथेही जोडले.