स्ट्रेप्टोमायसिन गेलं, त्यानिमित्ताने

दुसऱ्यांदा क्षय झालेल्यांना स्ट्रेप्टोमायसिनची सुई द्यायची जुनी पद्धत बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सांगितलं. आजच्या तरुण डॉक्टरांनी ती सुई क्वचितच हातात धरली असेल. मला तिचं जाणं लागलं.

1943 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्समध्ये अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या जिवाणूपासून हे औषध मिळवलं. 1952 चं नोबेल मात्र एकट्या त्याच्या मार्गदर्शकाला, वाक्समन यांना मिळालं, हा अन्याय अजूनही खुपतो. पुढे आपल्या पिंपरीतही ते बनू लागलं.

ऐंशीच्या दशकात मी जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्रावर होतो. पांढऱ्या भुकटीच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, हलवायचं, कमरेत टोचायचं. हे रोज, दोन महिने. म्हातारी माणसं सांगायची, "डॉक्टर, कानात भुंगा घुमतोय, चालताना झोक जातोय." तरी यायची, कारण ताप उतरायचा, भाकरी गोड लागायची.

मग रिफाम्पिसिन हाताशी आलं. तेही मातीतल्या जिवाणूचंच देणं. लघवी केशरी झाली की पेशंट घाबरून धावत यायचा. दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला. पण सरकारी पुरवठा तोकडा आणि बाहेर कॅप्सूल महाग. दोन महिन्यांत बरं वाटायचं, पैसे संपायचे, औषध बंद व्हायचं. एका बड्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी नुसतं रिफाम्पिसिन लिहिलेलं पाहिलं, जोडीला दुसरं काहीच नाही. कोट्यवधी जंतूंत त्या एका औषधाला न जुमानणारे थोडे असतातच. बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं. हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, असं मी मानत नाही.

नंतर तर अधिकृत पद्धतीतच, आधीची औषधं हरलेल्या पेशंटला तीच औषधं अधिक स्ट्रेप्टोमायसिन, असं ठरलं. हरलेल्या औषधांत एकटं नवं घालू नये, हा आमचा पहिला धडा. बैठकीत बोललो, तर गाइडलाइन दाखवली गेली. ती मागे घ्यायला 2017 उजाडलं.

आज मेडिकलमध्ये सर्दीसाठी चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिनची पट्टी मिळते. त्याचंही मूळ जिवाणूंतच. जुनी औषधं अशी उधळायची आणि नवी आणणारा तगत नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातल्या प्लाझोमायसिनला अमेरिकेत 2018 च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली. ते शोधणारी अकेओजेन कंपनी पुढच्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत निघाली.