डोळ्याचा पडदा सुटतो तेव्हा

वर्गात सहज करता येईल अशी एक तपासणी आहे. फळ्यावर एक ओळ लिहायची. मुलांनी आधी उजवा डोळा तळहाताने झाकून ती वाचायची, मग डावा झाकून. बोटांच्या फटीतून बघायचे नाही, एवढीच अट. बहुतेक मुलांना हा खेळ वाटतो. पण कधी एखादे मूल दुसऱ्या डोळ्याची पाळी आली की अडखळते, मान वाकडी करते, हात हळूच बाजूला सरकवते. त्या डोळ्याने त्याला नीट दिसत नसते, आणि हे आजवर घरात वा शाळेत कोणाच्याच लक्षात आलेले नसते. बहुधा त्याच्या स्वतःच्याही!

याचे कारण बहुतेक वेळा चष्म्याचा नंबर हेच असते. पण क्वचित त्यामागे असा आजार असतो, की ज्यात एकेक दिवस मोलाचा ठरतो. दृष्टिपटल सुटणे हा तो आजार. बोलीभाषेत आपण ‘डोळ्याचा पडदा सरकला’ म्हणतो.

पोपडा सुटल्यासारखे

दृष्टिपटल हा डोळ्याच्या आतल्या बाजूला अस्तरासारखा बसलेला पातळ पडदा. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर. त्यातील प्रकाशसंवेदी पेशींना प्राणवायू आणि पोषण मिळते ते मुख्यतः पाठीमागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ असतो. पडद्याला कुठे भोक पडले किंवा चीर गेली, तर त्यातून द्रव मागे झिरपतो आणि पडदा उचलला जातो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की रंगाचा पोपडा सुटतो, तसेच काहीसे. सुटलेल्या भागाचे पोषण तुटते आणि तिथल्या पेशी काही दिवसांतच मरू लागतात. पडद्याचा मध्यबिंदू, ज्याच्या साहाय्याने आपण वाचतो, तो सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी टिकण्याची आशा पुष्कळ असते. तो सुटून बराच काळ गेला, तर पडदा पुन्हा बसवूनही दृष्टी अपुरीच राहते.

या आजारात डोळा दुखत नाही आणि डोळे आल्यासारखा लालही होत नाही. मोठ्या माणसाला अचानक ठिपके तरंगताना दिसतात, प्रकाशाच्या रेषा चमकतात, एका बाजूने काळा पडदा सरकत येतो. तो घाबरून डॉक्टरांकडे धावतो. मूल मात्र यातले काही सांगत नाही. दुसरा डोळा चांगला असतो आणि त्याचे काम चाललेले असते. शिवाय मुलांच्या डोळ्यातील जेली घट्ट असल्याने पडदा सावकाश सुटत जातो. विटीदांडूची विटी, क्रिकेटचा चेंडू, फटाका किंवा खेळातला बाण लागल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही पडदा सुटू शकतो. तोवर मार लागल्याचे सगळे विसरून गेलेले असतात.

मार लागणे हे मुलांमधील मोठे कारण. मोठ्या उणे नंबरचा चष्मा, जन्मजात मोतीबिंदूची पूर्वी झालेली शस्त्रक्रिया आणि काही आनुवंशिक विकार ही इतर कारणे.

अपुऱ्या दिवसांचे बाळ

आणखी एका कारणाची सुरुवात शाळेच्या कितीतरी आधी होते. दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ गर्भातील शेवटच्या महिन्यांत पूर्ण होते. बाळ फार लवकर जन्मले तर ती अर्धवट राहते, मग वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यांचे व्रण पडद्याला ओढून सोडवतात. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावेत, असे भारतातील मार्गदर्शक सूत्र आहे. फारच लहान बाळांची तपासणी त्याहूनही आधी करतात. वेळेत लेसर किंवा इंजेक्शन दिले, तर बहुतेक बाळांचा पडदा सुटण्यापासून वाचतो.

पुण्यात या कामाला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन ही संस्था १९५२ साली अंध व्यक्तींसाठी स्थापन झाली. पुढे याच संस्थेने हडपसरजवळ महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय उभारले. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टिपटल-तपासणी होते. अंधांना आधार देता देता अंधत्व टाळण्याकडे वळलेली ही वाट आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही हा विकार आहे. याच कार्यक्रमाची पथके आपल्या शाळांत आरोग्य तपासणीला येतात.

भोक शोधा, भोक बुजवा

शंभर वर्षांपूर्वी हा आजार असाध्य मानला जाई. रोग्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉक्टर ज्यूल गोनँ (१८७०–१९३५) यांनी ठामपणे सांगितले, की पडद्याचे भोक हेच मूळ आहे. ते शोधून बुजवले पाहिजे. १९२० च्या सुमारास त्यांनी तापवलेल्या उपकरणाने भोकाच्या जागी डाग देऊन रोगी बरे करून दाखवले. साधने बदलली, तरी उपचाराचे सूत्र आजही तेच आहे.

आज मुख्यतः दोन पद्धती वापरतात. पहिलीत डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवतात. त्यामुळे भिंत आत दबून सुटलेल्या पडद्याला जाऊन टेकते. भोकाभोवती अतिथंड उपकरणाने गोठवून व्रण तयार करतात आणि तो पडद्याला चिकटवून ठेवतो. मुलांमध्ये ही पद्धत बऱ्याचदा उपयोगी पडते. दुसरी पद्धत रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास विकसित केली. तीत एक मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांतून आत जाऊन जेली काढतात, पडदा सपाट करतात, लेसरने कडा चिकटवतात आणि पोकळीत वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. व्रण पक्का व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर वायूचा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरतो.

मुलांना यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, कित्येकदा नुसत्या तपासणीसाठीसुद्धा. मुलांच्या शरीरात व्रण जोमाने भरतात. हा गुण इथे मात्र त्रासाचा ठरतो. पडद्यावर व्रणाची जाळी धरून तो पुन्हा ओढला जाऊ शकतो आणि दुसरी, तिसरी शस्त्रक्रिया करावी लागते. पालकांनी हे आधीच समजून घेतलेले बरे.

डोळ्यातला बुडबुडा आणि घाट

बुडबुडा नेहमी वर जातो. म्हणून भोक मागच्या बाजूला असेल तर रुग्णाला काही दिवस पालथे झोपायला, मान खाली घालून बसायला सांगतात. लहान मुलाला हे जमणे कठीण, त्यामुळे त्याच्या डोळ्यात पुष्कळदा तेल भरतात. ते काही महिन्यांनी आणखी एक शस्त्रक्रिया करून काढतात.

वायू भरलेल्या मुलाला काय दिसते? गवंड्याच्या लेव्हलच्या नळीत असते तशी हलती रेषा. बुडबुडा डोळ्यात वर असतो, पण मुलाला तो दृष्टीच्या खालच्या भागात दिसतो! दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते, हे आपण वर्गात शिकवतो. त्याचा पुरावा हे मूल स्वतःच्या डोळ्यात पाहत असते. वायू शोषला जाईल तशी रेषा रोज खाली उतरते, शेवटी छोटी गोळी उरते आणि तीही नाहीशी होते. साधी हवा आठवडाभरात जाते, काही वायू मात्र दीड-दोन महिने राहतात.

तोपर्यंत पुणेकरांनी बॉइलचा नियम विसरू नये. समजा, शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि बुडबुडा ३ मिलिलिटरचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे घाट चढून येईपर्यंत बुडबुडा सुमारे ३.२ मिलिलिटर होऊ पाहतो. डोळ्याचे कवच फुग्यासारखे ताणत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. पुण्याहून महाबळेश्वरला गेल्यास फुगवटा सुमारे दहा टक्के. विमानात तर त्याहून अधिक. अशाने डोळा ठणकू लागतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून बुडबुडा पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. घाटातला प्रवासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. या काळात इतर कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर डोळ्यात वायू आहे हे आवर्जून सांगायचे, कारण भुलीतल्या नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो.

उरलेला उपचार वर्गात

रुग्णालयातून मूल घरी येते तेव्हा उपचार संपलेला नसतो. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. अधू डोळ्याकडून येणारी धूसर प्रतिमा तो दुर्लक्षू लागतो आणि तो डोळा ‘आळशी’ बनतो. म्हणून डॉक्टर चष्मा देतात आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकायला सांगतात. ही पट्टी शाळेत चिडवण्याचा विषय झाली, की मूल ती दप्तरात काढून ठेवते आणि महागडी शस्त्रक्रिया निम्मी वाया जाते. पट्टी कशासाठी आहे हे गुरुजींनी किंवा बाईंनी वर्गाला पाच मिनिटे समजावून सांगितले, तर तो औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार ठरतो.

त्याशिवाय आपण काय करू शकतो? मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत कवायत, पळापळी, चेंडूचे खेळ, पोहणे बंद ठेवावे. पालथे राहावे लागलेल्या मुलासाठी मित्रांनी घरी जाऊन धडे वाचून दाखवावेत. पुढे खेळताना न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा असावा. दुसऱ्या डोळ्याचीही नियमित तपासणी व्हावी, कारण काही कारणांमुळे तोही धोक्यात असतो. दृष्टी किती परतली हे कळायला काही महिने जातात.

काही मुलांची दृष्टी परतत नाही, हेही खरे. पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड ही संस्था पुण्यात १९३४ पासून अंध मुलांना शिकवते आहे. दृष्टी गेली म्हणून शिक्षण थांबत नाही, हे अशा पालकांना सांगणारे पहिले माणूस पुष्कळदा शिक्षकच असतो.

पण निदान उशिरा झाले म्हणून डोळा जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. तिरळा होऊ लागलेला डोळा, बाहुलीत पांढरी झाक, एकाच बाजूला धडकणे, मार लागल्यानंतर धूसर दिसणे, यांपैकी काही आढळले तर घरगुती थेंब घालत बसू नये. ससूनसारख्या सरकारी किंवा इतर नेत्र रुग्णालयात त्याच दिवशी पाठवावे आणि ‘पडदा तपासा’ असे स्पष्ट सांगावे. आणि सहामाहीच्या सुरुवातीला फळ्यावरची ती एक ओळ प्रत्येक मुलाकडून दोनदा वाचून घ्यावी, एकेका डोळ्याने.